समुद्रसिंहाचं पिल्लू आणि वहिनीची नोकरी

वहिनीची बाळंतपणाची रजा ज्या आठवड्यात संपली, त्याच आठवड्यात रविवार पुरवणीच्या मुलांच्या पानासाठी समुद्रसिंहावर मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढच्या तीन आठवड्यांत तो आला, आणि त्यातला काही माझ्या चुकीमुळे आला.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांच्या बाजूच्या चढावर, एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. आई, भाऊ, वहिनी, त्यांची साडेतीन महिन्यांची मुलगी आणि मी. भाऊ अंधेरीला कारखान्यात, सकाळी सातला घराबाहेर. वहिनी टेलिफोन ऑपरेटर, तिची ड्युटी नऊ ते पाच. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक, माझी ड्युटी दुपारी चारला सुरू व्हायची. त्यामुळे दिवसा मुलीजवळ आई आणि मी.

आमच्या घराण्यात कायमची नोकरी असलेली वहिनी पहिली बाई. लग्नाआधीपासून ती या कामावर होती. पलीकडचा माणूस नुसतं ‘हॅलो’ म्हणाला तरी तो कुठल्या गावचा ते ती सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. आई नळावर बायकांना मालवणीत सांगे, ‘आमची सून फोनवर असता.’ ही नोकरी एकदा सुटली असती तर परत मिळाली नसती. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नव्हतं.

पहिल्या सोमवारी वहिनी सव्वाआठला निघाली आणि मुलीने दूध घ्यायचं सोडलं.

आम्ही आधी दोष दुधाला दिला. आरेच्या बाटलीतलं दूध पाणी घालून, उकळून दिलं. मग गाईचं आणलं. मग डब्यातली पावडर. वहिनी सकाळी स्वतःचं दूध पिळून वाटीत झाकून ठेवायची, तेही दिलं. काचेची बाटली झाली, वाटी-चमचा झाला. शेवटी आईने ट्रंकेतून पितळेचं बोंडलं काढलं. लांब चोचीच्या या छोट्या भांड्याने तिने आम्हा दोघा भावांना दूध पाजलं होतं. मुलगी बोंडलं बघायची, आमच्याकडे बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि मान भिंतीकडे वळवायची. चार-पाच चमचे आत जायचे, त्यातले दोन माझ्या लेंग्यावर यायचे.

“तुझ्या बापसावर गेलंस,” आई तिला म्हणायची. “नको म्हटलां की नको.”

संध्याकाळी सहाला वहिनी आली की मुलगी तिला चिकटायची, ती सकाळपर्यंत. वहिनी जेवायची ती एका हाताने.

शनिवारी महापालिकेच्या दवाखान्यात वजन केलं. पाच किलो शंभर. महिन्याभरापूर्वी होतं पाच किलो. तिथल्या सिस्टर वयस्क होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी कार्डावर आकडा लिहिला आणि वहिनीला सांगितलं, “पंधरा दिवसांनी आणा. तेव्हाही काटा इथेच असला, तर तुम्ही घरी बसायचं. नोकरीचं नंतर बघा.”

वहिनी ‘बरं’ म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पलंगावर कागद पसरून समुद्रसिंह लिहीत होतो. कचेरीच्या कात्रणांच्या फायलीत एका परदेशी नियतकालिकाची पानं मिळाली होती, ती मी घरी आणली होती. मी मोठ्याने वाचत मराठी करत होतो. आई तांदूळ निवडत होती, वहिनी मुलीला घेऊन बसली होती, भाऊ दाढी करत होता.

समुद्रसिंह म्हणजे सील नव्हे. त्याला बाहेर दिसणारे छोटे कान असतात आणि तो वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांवर उभा राहून जमिनीवर चालतो. वर्षातला बराच काळ पाण्यात काढून हे प्राणी विणीच्या हंगामात ठरलेल्या किनाऱ्यांवर जमतात. धिप्पाड नर आधी येतात, खडकाचा एकेक तुकडा धरतात आणि तो जाऊ नये म्हणून कित्येक दिवस अन्नाला शिवतसुद्धा नाहीत.

“जागेसाठी उपास?” भाऊ आरशातून म्हणाला. “मुंबईचेच दिसतात.”

माद्या मागून येतात. किनाऱ्याला लागल्यावर थोड्याच दिवसांत मादी विते. पिल्लू एकच. आणि ते काही आठवड्यांचं होतं न होतं तोच ती पुन्हा नराला घेते.

आईचा हात सुपात थांबला. “पोर अंगावर पिता, आणि परत गाभण? काय मेली जात!”

“पुढे ऐक,” मी म्हणालो. पुढची गोष्ट मलाही नवीन होती. गर्भ धरतो, पण वाढत नाही. राईच्या दाण्याहून लहान असतानाच तो थांबतो. सुमारे तीन महिने तो गर्भाशयात नुसता पडून असतो, भिंतीला चिकटत नाही. मग चिकटतो आणि वाढायला लागतो. प्रत्यक्ष वाढीचे महिने आणि थांबण्याचे महिने मिळून जवळजवळ वर्ष होतं, म्हणून पुढची वीण पुन्हा त्याच किनाऱ्यावर, त्याच हंगामात येते. अस्वलात हेच असतं. कांगारूत पहिलं पिल्लू पिशवीत पीत असेपर्यंत पुढचा गर्भ थांबतो. उंदरिणींच्याही अंगावर पिलं असली की नवा गर्भ वाट बघतो.

“आपल्या मोरीतल्या?” वहिनीने विचारलं.

“त्याच.”

“म्हणून त्या संपत नाहीत,” वहिनी म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

माणसात असं होत नाही, हे मी सांगितलं. आपल्यात गर्भ थांबत नाही, थांबते ती गर्भधारणा. अंगावर पाजणाऱ्या बाईला सहसा लवकर दिवस जात नाहीत. आई म्हणाली, “ह्या सांगूक परदेशाची पुस्तकां कशाक? माका इचारूचा होतास.” पण तेवढ्याने निभत नाही, हेही तिनेच सांगितलं आणि माझ्या भावाकडे बोट केलं. मी त्याच्यापेक्षा तेरा महिन्यांनी लहान आहे.

पुढचा भाग वाचताना मात्र वहिनी पुढे सरकली. काही सील जातींत आई विते, किनाऱ्यावरच राहते, स्वतः काही न खाता घट्ट दूध पाजते आणि थोड्याच दिवसांत पिल्लाचं दूध तोडून निघून जाते. समुद्रसिंहिणीचं तसं नाही. ती पहिला आठवडाभर पिल्लाजवळ राहते. मग भूक लागते आणि ती समुद्रात जाते. दोन दिवस, तीन दिवस. पिल्लू किनाऱ्यावर इतर पिल्लांत पडून राहतं. दुसरी मादी त्याला पाजत नाही, जवळ गेलं तर चावून हाकलते. आई परत येते, दिवस-दोन दिवस पाजते, परत जाते. असं सहा महिने, कधी वर्षभर. कधीकधी नवं पिल्लू झालं तरी मागच्या वर्षीचं दांडगं पोर लुचायला येतंच.

“काय रे मेल्या,” आईने विचारलं, “ता पिल्लू तीन दिवस उपाशी रवता?”

“राहतं.”

“मरत नाय?”

“सहसा नाही. तिच्या दुधात चरबी खूप असते. म्हशीच्या दुधाच्या कितीतरी पट.”

“आणि हजार पिल्लांत तिला आपलं सापडतं कसं?” हा प्रश्न वहिनीचा.

त्याचं उत्तर मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं. मूळ मजकुरात याला मोठा परिच्छेद होता. मुलांच्या पानाला जागा दीड कॉलम, म्हणून मी तो एका ओळीत बसवला होता आणि तीच ओळ वाचून दाखवली: ‘आई समुद्रातून पिल्लाला हाक मारते, पिल्लू तिचा आवाज ओळखून ओरडतं आणि शांत होतं.’

वहिनीने मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “भावोजी, आवाजाचंच तर काम करते मी.”

मुलीला फोनवरून आईचा आवाज ऐकवायची कल्पना तिची की माझी, यावर आमच्यात पुढे बरीच वर्षं वाद होता. माझ्या आठवणीप्रमाणे ती माझी होती. खालच्या किराणा दुकानात फोन होता. वहिनीला एक वाजता जेवणाची सुट्टी असायची आणि तिच्या पर्यवेक्षक बाईंनी पाच मिनिटांची परवानगी दिली. सोमवारी एक वाजता मी मुलीला घेऊन दुकानात उभा राहिलो. दुकानदाराने गुळाची ढेप बाजूला सरकवून फोन पुढे केला. रिसीव्हर मी तिच्या कानाला लावला.

ती एकदम गप्प झाली. डोळे मोठे केले. वहिनी पलीकडून बोलत होती, ‘काय गं माझी सोनी, प्यायलीस का गं’, ते मलाही अस्पष्ट ऐकू येत होतं. मुलीने हुंकार दिला.

“झकास!” दुकानदार म्हणाला. “ओळखलं की हो!”

मीही तसंच समजलो. वर नेल्यावर ती अर्धा तास रडली, ते आम्ही भुकेवर घातलं. मंगळवारी तिने रिसीव्हर तोंडात घ्यायचा प्रयत्न केला. मान इकडेतिकडे फिरवून दुकानात कोणाला तरी शोधलं, आणि मग जी सुरुवात केली ती आई दमेपर्यंत चालू होती. बुधवारी रिसीव्हर कानाला लागताच ती किंचाळली. मला तो काढून घ्यायचं सुचलं नाही. पलीकडे वहिनी “काय झालं? भावोजी, काय झालं तिला?” असं विचारत होती आणि मुलगी त्याच आवाजावर आणखी ओरडत होती.

त्या दिवशी वहिनी तीन वाजताच घरी आली. ब्लाऊज पुढून पूर्ण भिजलेलं, त्यावर पदर दोन पदरी घेतलेला. पोरीचं रडणं कानात पडल्याबरोबर पान्हा फुटला होता आणि काही केल्या थांबत नव्हता. स्विचबोर्डावर बसता येईना, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली होती. मुलीला घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली.

“वाट लागली सगळी,” ती म्हणाली. “भावोजी, राजीनामा लिहून द्या मला. इंग्रजीत. कडक नको, साधाच.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी उद्या लिहितो म्हणालो.

उद्या, म्हणजे गुरुवारी, माझी साप्ताहिक सुट्टी होती. वहिनीने रजा घेतली होती. मी घरात न थांबता बसने आरेला गेलो. आईचा भाऊ तिथे एका तबेल्यात मुकादम होता आणि कुटुंबासह तिथेच राहायचा. मला माझ्या मजकुरासाठी म्हशीबद्दल दोन गोष्टी विचारून घ्यायच्या होत्या, असं मी घरी सांगितलं. ते खरंही होतं.

मामा धारेच्या तयारीत होता. पाटावर बसून त्याने माझे प्रश्न ऐकले. म्हैस दहा महिने दहा दिवस. गर्भ थांबणं वगैरे त्याने कधी ऐकलं नव्हतं. “थांबान कसा चलात? थांबलो तर डॉक्टराक बोलवचो लागतलो.” तीन दिवस दूध न काढता आईने हिंडायचं, हे तर त्याला पटेचना. “दोन दिवस नाय पिळली तर सड सुजतत माझ्या म्हशीचे. तुझी ती समुद्रातली म्हस भारी दिसता.”

मग मी त्याला फोनचं सांगितलं. मामा आधी हसला. मग हसायचा थांबला.

“अरे गाढवा,” तो म्हणाला, “रेडकां खंय बांधलीत बघ.”

रेडकं तबेल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे होती. मी तोवर ती कधी मोजलीही नव्हती आणि इतक्या लांब का, असा प्रश्नही मला पडला नव्हता.

“रेडकू ओरडलां की म्हशीक पान्हो सुटता. दूध जमनीवर. म्हस रवली हंबरत, तर रेडकू दावा तोडता. दोघांका तरास. म्हणान धारेची वेळ झाली काय मगेच सोडूचां. आवाज, वास, सड, सगळा एकदम. तू काय केलंस? आवशीचो आवाज दिलंस आणि आवस दिलंस नाय. चेडू रडात नाय तर काय करात?”

मी म्हणालो, पण समुद्रसिंहाच्या पिल्लालाही आई न दिसता तिचा नुसता आवाज मिळतो, ती समुद्रातून हाक मारते.

“मारीत नसतली,” मामा म्हणाला. समुद्रसिंह त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. “पाजूक येवची नाय तर हाक कित्याक मारीत?”

सुट्टी असूनही मी तिथून कचेरीत गेलो आणि फायलीत परत ठेवलेली मूळ पानं काढली. मोठा परिच्छेद पुन्हा वाचला. मादी समुद्रातून परत येते, पिल्लाला जिथे सोडलं होतं त्या जागेजवळ किनाऱ्यावर चढते आणि मग हाक मारते. पिल्लू ओरडून जवळ येतं. ती नाकाने त्याचा वास घेऊन खात्री करते आणि लगेच पाजते. समुद्रात असताना ती हाक मारते, असं कुठेही नव्हतं. ती नसताना पिल्लं बहुतेक वेळ झोपून काढतात, असं मात्र होतं, आणि ते वाक्य मी जागेअभावी गाळलं होतं. एका परिच्छेदाची एक ओळ करताना ‘परत येऊन, किनाऱ्यावर चढून’ हे शब्द गेले होते. हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग होता आणि त्यात मी चांगला समजला जात होतो.

मजकूर जुळणीला गेला होता. मी मुद्रितावर, म्हणजे प्रूफवर, ओळ दुरुस्त केली, झोपण्याचं वाक्य परत घातलं आणि जागा करण्यासाठी नरांच्या उपासाचा परिच्छेद कापला. पुरवणीच्या संपादक बाईंनी त्याच मुद्रितावर ‘नराला घेते’ याभोवती गोल करून समासात ‘मुलांचं पान आहे!’ असं लिहिलं होतं. तिथे मी ‘जोडी जमते’ केलं.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. चूक कुठे झाली तेही.

ती बराच वेळ ऐकत होती. “म्हणजे तिला काही झालेलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “ती थांबतेय.”

“तसं वाटतंय. नक्की दवाखान्यातच कळेल.”

“आणि नसेल तसं तर?”

 याचं उत्तर आईकडे होतं. “आम्ही खंय पोरां काखोटीक मारून भात लावलां?” ती म्हणाली. “हे दोघे सासूकडे टाकून मी शेतात. दुपारचे येवन पाजूचां, परत जावचां. सासू सांगी, मधी बांधावरसून हाक मारू नको गे, तुझो आवाज आयकलो की माका पोर आवरणा नाय. तेव्हा माका राग येय. जा तू कामार.”

शुक्रवारी वहिनी कामावर गेली. फोन बंद. आम्ही दूध बदलणंही बंद केलं. वहिनीचं पिळलेलं दूध दर दोन तासांनी बोंडल्याने पुढे करायचं, घेईल तेवढं घ्यायचं, मागे लागायचं नाही, असं ठरलं. तिची वापरलेली साडी झोळीला बांधली. मुलगी पहिल्या दिवशी सहा चमचे प्यायली, दुसऱ्या दिवशी आठ. उरलेला वेळ ती झोपायची किंवा झोळीतून छताकडे बघत स्वतःशी बोलायची. मी प्रत्येक चमचा पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवत होतो. आई त्या कागदाला ‘पेपर’ म्हणायची. “आजच्या पेपरात काय आसा?”

वहिनी सहाला यायची; मी तेव्हा कचेरीत असायचो, त्यामुळे सुट्टीचा गुरुवार सोडला तर हे आईकडून ऐकायचो. रिकामी परत आलेली बाई वाटायची नाही, भरून आलेली वाटायची. जिन्यावरून ती बोलायला लागायची, आणि वर मुलगी हातपाय झाडत ओरडायला लागायची. मग संध्याकाळभर, रात्रभर, पहाटे, पुन्हा निघायच्या आधी. वहिनीचे डोळे खोल गेले. भाऊ तिला बसस्टॉपवर उभ्याने झोपताना बघून आला होता. पण राजीनाम्याचा विषय ती काढत नव्हती, आणि मीही नाही.

पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही तिघं मुलीला घेऊन दवाखान्यात गेलो. आठ वाजता रांग होती. वहिनीला नऊच्या आत कामावर पोचायचं होतं, पण ती घड्याळ बघत नव्हती. नंबर आल्यावर तिने मुलीचं झबलं काढलं, लंगोटसुद्धा काढला, म्हणजे काट्यावर दुसऱ्या कशाचं वजन नको. सिस्टरने मुलीला तागडीत ठेवलं. मुलगी हातपाय हलवत होती आणि काटा स्थिर होईना.

“शांत गं बाई,” सिस्टर म्हणाल्या, आणि वाकून बघितलं. “पाच चारशे.”

“परत बघा ना,” वहिनी म्हणाली.

सिस्टरने परत बघितलं. “पाच चारशेच. काय चालू केलंत?”

“काय नाय,” आई म्हणाली. “ही येवपर्यंत थांबता. मगे पिता.”

“दिवसभर?”

“आठ-दहा चमचे घेता. बाकी झोपता.”

सिस्टरने कार्डावर आकडा लिहिला. “काही मुलं करतात असं,” त्या म्हणाल्या. “लघवी नीट होते ना? मग चालू दे. महिन्याने आणा.” आणि वहिनीकडे न बघता, “नोकरीवर जायचं असेल तर जा. मात्र रात्री तुमचं काही खरं नाही.”

“ते चालेल,” वहिनी म्हणाली.

दवाखान्याच्या बाहेर, फाटकाजवळ तिने मुलीला झबलं घातलं, एकदा नाक तिच्या मानेत खुपसलं आणि तिला आईच्या हातात दिलं. नऊला दहा कमी होते. ती रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे गेली. मुलगी आजीच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होती. मी हाक मारणार होतो, निदान हात तरी कर म्हणून. आईने माझा दंड धरला.

“बोलवू नको,” ती म्हणाली.

वहिनीने वळून बघितलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. बस आली आणि ती चढली. आम्ही चढ चढून घरी पोचलो, तोपर्यंत मुलगी झोपली होती.